समुद्रकाकडीचा गुण नेमका कशात?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावापासून समुद्र फार लांब आहे. इथे पाण्याची चर्चा होते ती मांजरा नदीची आणि धनेगावच्या धरणात यंदा किती साठा झाला याची. समुद्रकाकडी हा प्राणी गावात कुणी पाहिला असेल असे वाटत नाही. तरीही तिच्या कातडीतून निघणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या सल्फेटयुक्त बहुशर्करांची, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांची, चर्चा मी मुद्दाम याच गावात घडवतो आहे. रक्ताची गुठळी समुद्रकिनारा पाहून होत नाही. हृदयविकाराचा झटका आलेला, पायाच्या शिरेत गुठळी झालेला, डायलिसिसवर असलेला माणूस इथेही आहे, आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घेणारी कुटुंबेही आहेत. पुढच्या संवादातले दोघेही कल्पित आहेत. एक गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, दुसरे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. आक्षेप मात्र खरे आहेत, आणि त्यांतला एकही हलका नाही. माझे मत सरांच्या बाजूला झुकते, हे आधीच सांगून टाकतो. पण ते मत टिकायचे तर डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला पुरून उरले पाहिजे.

डॉक्टर : सर, गुडघे दुखणारी माणसं मोबाइलवरची जाहिरात पुढे करतात. समुद्रकाकडीचा अर्क, शंभर टक्के नैसर्गिक. घेऊ का, विचारतात. मी नको म्हणतो. काँड्रॉयटिन सल्फेट तर जनावराच्या साध्या कूर्चेतूनही निघतं, आणि त्याचा तरी काय अनुभव आहे? २००६ मध्ये अमेरिकेत ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉयटिनची मोठी चाचणी झाली. एकूण रुग्णांचा हिशेब केला तर औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. रक्ताचं म्हणाल तर आमच्याकडे हेपॅरिन आहे, त्याचे लहान तुकडे करून बनवलेलं एनॉक्सापॅरिन आहे, आणि आता रिव्हारोक्साबान, अपिक्साबान अशा तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आहेत. एवढं हाताशी असताना, चीनमध्ये लोक चढ्या भावानं खातात म्हणून या प्राण्यामागे संशोधनाचा पैसा का घालायचा? मला यात औषधापेक्षा व्यापारच जास्त दिसतो.

सर : कॅप्सूलबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही, डॉक्टर. पण कॅप्सूल फसवी म्हणून रेणूही फसवा, हे मला पटत नाही. ज्वारीचंच घ्या. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज, दोन्ही निव्वळ ग्लुकोजच्या साखळ्या. साखर एकच, पण एका साखळीत कड्या अल्फा जोडणीनं जुळतात, दुसरीत बीटा जोडणीनं. तेवढ्या फरकानं दाण्याची भाकरी माणसाला पचते आणि कडबा बैलापुढे टाकावा लागतो, कारण बीटा जोडणी तोडणारं विकर आपल्या आतड्यात नाही, त्याच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहे. तेव्हा साखळीत कोणती साखर आहे एवढं कळून भागत नाही. कोणती कडी कुठल्या कार्बनला, कुठल्या दिशेनं जोडली आहे आणि तिच्यावर सल्फेट कुठं बसलंय, हे कळावं लागतं. समुद्रकाकडीच्या कातडीतल्या साखळीचा कणा तुमच्या ओळखीचा आहे. ग्लुकुरोनिक आम्ल आणि एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन आळीपाळीनं, म्हणजे काँड्रॉयटिन. आपल्या कूर्चेतही तेच. पण या प्राण्यात ग्लुकुरोनिक आम्लाच्या तिसऱ्या कार्बनवर फ्युकोज नावाच्या साखरेची एक आखूड फांदी निघते, आणि त्या फांदीवर सल्फेट असतं. कुठे २ आणि ४ या जागांवर, कुठे ३ आणि ४ वर, कुठे फक्त ४ वर. म्हणून तिला फ्युकोसिलेटेड काँड्रॉयटिन सल्फेट म्हणतात. ही रचना १९८८ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमधल्या पाउलो मोराओ यांच्या गटानं मांडली. पुढे १९९६ मध्ये त्यांनीच दाखवलं की सौम्य आम्लानं फक्त फांद्या तोडल्या, कणा शाबूत ठेवला, तर रक्त गोठू न देण्याचा गुणही निघून जातो.

हा फांदी तोडण्याचा प्रयोग मला सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. प्राणी तोच, कणा तोच, फांदी गेली आणि गुण गेला. मग गुण प्राण्याचा, असे म्हणायला जागा उरत नाही. अर्थात फांदी आहे हे आधी कळायला हवे, आणि ते कळते कसे हेही पाहण्यासारखे आहे. समुद्रकाकडीची कातडी म्हणजे बहुतांशी कोलॅजन. ती वाळवून बारीक करतात आणि पपेन टाकून उबदार पाण्यात ठेवतात. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले विकर. ते प्रथिनांचे तुकडे करते, पण साखरेच्या साखळीला हात लावत नाही. काही तासांत घट्ट कातडी विरघळते आणि साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. मग अल्कोहोल घालून त्या खाली बसवतात आणि धन विद्युतभार असलेल्या कणांच्या स्तंभातून सोडतात. सल्फेटवर ऋण भार असतो, त्यामुळे साखळ्या स्तंभाला धरून बसतात. वरून मिठाचे पाणी हळूहळू तीव्र करत नेले की कमी सल्फेट असलेल्या साखळ्या आधी सुटतात, जास्त सल्फेटवाल्या शेवटी. इतके झाल्यावर एनएमआर यंत्र, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूतल्या अणूंच्या खुणा वाचणारे. फ्युकोजच्या पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनची खूण साधारण ५.२ ते ५.७ पीपीएमच्या पट्ट्यात येते, आणि सल्फेटची जागा बदलली की खूणही थोडी सरकते. कोणती फांदी किती आहे, हे त्या उंचवट्यांवरून वाचता येते. प्रजाती बदलली की हे प्रमाण बदलते. एका जातीत २,४ सल्फेटची फांदी भरपूर, दुसरीत जेमतेम. याशिवाय त्याच कातडीत नुसत्या फ्युकोजची सरळ सल्फेटयुक्त साखळी असते, सॅपोनिन असतात, कोलॅजन तर असतेच. जाहिरातीतली भुकटी हे सगळे एकत्र दळून भरते. डॉक्टरांचा कॅप्सूलवरचा राग योग्यच आहे. पण तो योग्य आहे हे ज्यावरून ठरते, तेही रचनेचेच ज्ञान आहे.

डॉक्टर : मान्य. पण गुण म्हणजे नेमका काय, हेही बघू. रक्त गोठण्यात दहावा घटक चालू होणं ही मोक्याची पायरी. घोणस चावलेला रुग्ण आला की आम्ही दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतो, वीस मिनिटं तिला हात लावत नाही, मग नळी कलती करून बघतो. रक्त पातळच राहिलं तर समजायचं, विषानं गोठण्याचे घटक खाऊन टाकले. घोणशीच्या विषात दहावा घटक थेट चालू करणारं प्रथिन असतं. घटक भराभर वापरले जातात, संपतात, आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त सुरू होतं. तुमची साखळी त्याच दहाव्या घटकाच्या अलीकडची पायरी अडवते. आठवा आणि नववा घटक एकत्र येऊन दहाव्याला चालू करतात, त्या जोडीला. पण सर, आठवा घटक नसला की हिमोफिलिया ए आणि नववा नसला की हिमोफिलिया बी. ज्या जागी निसर्गानं खोट ठेवली की पोरं रक्तस्रावानं आयुष्यभर हैराण होतात, तीच जागा तुम्ही औषधानं अडवायला निघालात?

सर : हा तुमचा सगळ्यात वजनदार प्रश्न. खोट किती आहे यावर त्याचं उत्तर आहे. तीव्र हिमोफिलियात त्या घटकाचं काम एक टक्क्याच्याही खाली गेलेलं असतं. पाच ते चाळीस टक्के काम शिल्लक असलेला माणूस सौम्य रुग्ण. त्याला दात काढेपर्यंत किंवा ऑपरेशनपर्यंत आपल्याला काही आहे याचा पत्ताही नसतो. म्हणजे ही पायरी पूर्ण बंद करणं आणि थोडी मंद करणं, यांत मोठं अंतर आहे. जखम झाली की पहिली गोठण ऊतीतल्या घटकामुळं सातव्या घटकाच्या वाटेनं सुरू होते. आठव्या-नवव्याची जोडी ती गोठण पुढे वाढवते. शिरेत नको तिथं गुठळी वाढत जाते तेव्हा या वाढीचाच हात असतो. म्हणून संशोधकांना ही जागा मोलाची वाटते. वाढ आवरायची, सुरुवात शक्यतो मोडायची नाही. हेपॅरिनचं तसं नाही. ते अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला पकडून थ्रॉम्बिन आणि दहावा घटक दोन्ही दाबतं. ज्याच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिनच कमी, त्याच्यात ते लंगडं पडतं. समुद्रकाकडीची साखळी आठव्या-नवव्याच्या जोडीवर थेट काम करते, तिला अँटिथ्रॉम्बिनची गरज लागत नाही. माणसात हे किती सुरक्षित, ते चाचणीच सांगेल. पण हिमोफिलिया होतो म्हणून ही जागाच वर्ज्य, असं होत नाही.

डॉक्टर : चाचणीच्या आधी २००८ आठवा. अमेरिकेत हेपॅरिन टोचल्याबरोबर रुग्णांचा रक्तदाब कोसळायला लागला. माणसं दगावली. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात कुणी तरी जादा सल्फेट चढवलेलं काँड्रॉयटिन मिसळलं होतं. ते स्वस्त, आणि रक्त गोठू न देण्याच्या नेहमीच्या परीक्षेत हेपॅरिनसारखंच वागणारं. परीक्षा पास, रुग्ण नापास. कारण काय निघालं? त्या साखळीनं रक्तातला बारावा घटक चालू केला, कॅलिक्रीन वाढलं, ब्रॅडिकिनिन सुटलं आणि रक्तदाब खाली आला. आणि तुमची समुद्रकाकडीची अखंड साखळीसुद्धा बारावा घटक चालू करते, प्लेटलेटच्या गुठळ्या करते, हे प्रयोगांत दिसलंय. तेच सल्फेट, तेच काँड्रॉयटिन. तेच संकट समुद्राच्या वाटेनं परत आणायचं?

हा आक्षेप मी सरांच्या तोंडी उत्तर घालून सोडवत नाही, कारण माझे म्हणणे सगळ्यात जास्त याच ठिकाणी पणाला लागते. २००८ ची घटना सल्फेटयुक्त साखळीविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मी तिचा अर्थ उलटा लावतो. माणसे दगावली कारण साखळीची परीक्षा तिच्या कामावरून घेतली गेली, रचनेवरून नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो एवढेच मोजले, तर भेसळ पकडली जात नाही, कारण भेसळही तेच काम करते. पकडली कुणी? एमआयटीतले राम शशिशेखरन आणि त्यांच्याबरोबरच्या अनेक देशांतल्या संशोधकांनी, आणि तीही एनएमआरने. शुद्ध हेपॅरिनमध्ये ॲसिटिल गटाची खूण २.०५ पीपीएमच्या आसपास येते. भेसळीच्या मालात तिच्या शेजारी २.१५ ला दुसरी खूण उभी होती. रेणू सोडवला तेव्हा दिसले की दर दोन साखरांमागे चार सल्फेट आहेत. निसर्गात असे काँड्रॉयटिन सापडत नाही. कुणीतरी कारखान्यात ते बनवले होते. त्यानंतर अमेरिकी औषधसंहितेने हेपॅरिनच्या कसोट्यांत एनएमआरला जागा दिली. म्हणजे दोन रेणू एकच काम करत असूनही एक औषध आणि दुसरे विष कसे ठरते, हे रचना वाचल्यावरच कळले. समुद्रकाकडीच्या अखंड साखळीचा दोषही तसाच वाचला गेला. २०१५ मध्ये चीनच्या कुनमिंग येथील संशोधकांनी ही लांब साखळी तोडून नेमक्या लांबीचे शुद्ध तुकडे वेगळे केले. नऊ साखरांचा तुकडा, म्हणजे फांदीसकट तीन एकके, एवढ्याने आठव्या-नवव्याच्या जोडीला अडवण्याचे काम होते. आणि त्या लांबीला बारावा घटक चालू करण्याचा व प्लेटलेट गोळा करण्याचा अखंड साखळीचा दोष राहत नाही. उंदरांच्या शिरांतली गुठळी त्याने आवरली, आणि रक्तस्राव लक्षणीय वाढला नाही. गुण आणि दोष एकाच साखळीत होते. लांबी कमी केल्यावर दोष मागे पडला, गुण राहिला. डॉक्टरांच्या आक्षेपाचे उत्तर या लांबीत आहे. तरी उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे, हे त्यांचे म्हणणे मी खोडत नाही.

डॉक्टर : ठीक आहे, नऊ साखरा. पण १९८८ पासून आजवर इतकी वर्षं गेली. एवढ्या काळात हेपॅरिनच्या जागी तुमची साखळी आम्ही टोचायला लागलो नाही. आणि उद्या टोचायची ठरली तर प्राणी कुठून आणायचे? भारतात पकडणंच गुन्हा.

सर : वेळ लागतो, डॉक्टर. हेपॅरिनचा इतिहास बघा. १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या कामातून ते सुरू झालं, कुत्र्याच्या यकृतापासून. पुढे डुकराच्या आतड्यातून काढू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं की अँटिथ्रॉम्बिनला पकडायला त्या लांबलचक साखळीतल्या फक्त पाच साखरा पुरेशा आहेत, आणि त्यातही मधल्या ग्लुकोसामाइनवर तिसऱ्या जागी एक सल्फेट हवंच. ते सल्फेट काढलं की पकड सुटते. मग त्या पाच साखरा कारखान्यात एकीला एक जोडत बनवल्या. फोंडापॅरिनक्स. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात एकाही डुकराचं आतडं लागत नाही. शोधापासून त्या इंजेक्शनपर्यंत पंचाऐंशी वर्षं गेली. समुद्रकाकडीच्या बाबतीतही मला हीच वाट हवी आहे. प्राणी थोडे, तेही परवानगीनं, अभ्यासापुरते. रचना पूर्ण वाचायची, आणि मग तुकडा प्रयोगशाळेत घडवायचा.

इथे कायद्याचे नेमके काय ते सांगायला हवे. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, वाघाच्या रांगेत. मालवणचा किनारा असो की मन्नारचे आखात, नियम एकच. तमिळनाडूचे मच्छीमार या बंदीला विरोध करत आले आहेत, आणि त्यांचे नुकसान खोटे नाही. पण हा प्राणी अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतो. आजूबाजूला सोबती कमी झाले की फलनच होत नाही, आणि विरळ झालेली वस्ती आपोआप भरून येत नाही. तो वाळू गिळून तिच्यातले सेंद्रिय अन्न घेतो आणि तळ साफ ठेवतो, ते काम त्याच्या जागी दुसरे कुणी तितके करत नाही. याच देशात तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८८ मध्येच होलोथुरिया स्काब्रा या जातीची पिल्ले हॅचरीत वाढवून दाखवली होती, म्हणजे पैदाशीचे तंत्र आपल्याला परके नाही. लक्षद्वीपमध्ये २०२० पासून खास समुद्रकाकडीसाठी राखलेले सागरी क्षेत्र आहे. आणि संशोधनाला कायद्याने दार बंद केलेले नाही. कलम १२ खाली शास्त्रीय संशोधनासाठी परवाना मिळू शकतो, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राच्या पूर्वसंमतीने. याच कलमात जीवरक्षक औषधासाठी सर्पविष काढण्याचीही तरतूद आहे. घोणशीचे विष काढून प्रतिविष बनवता येते आणि घोणस मात्र संरक्षित राहते, ही व्यवस्था बीडच्या शेतकऱ्याला नवी नाही. तेव्हा 'बंदीमुळे संशोधन अडले' ही तक्रार मला मान्य नाही. अडते ती टनावारी वाळवून निर्यात, आणि ती अडलीच पाहिजे.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही बंदीच्याही बाजूचे आणि रेणूच्याही बाजूचे. हे दोन्ही एकत्र नांदेल का? औषध कंपन्यांना माल हवा असतो, डॉक्टरांना बाटली. रचना वाचत बसायला कुणाला वेळ आहे? आणि साखरेची साखळी कारखान्यात जोडणं प्रथिनापेक्षाही किचकट, महाग. गावातल्या रुग्णाला ते परवडणार आहे का?

सर : आज परवडणार नाही, हे खरं. प्रथिन जोडायला यंत्र आहे, साखरेची फांदीवाली साखळी जोडताना प्रत्येक जोडणीची दिशा वेगळी सांभाळावी लागते. म्हणूनच मी विकरांकडे बघतो. फ्युकोजवर ठरावीक जागी सल्फेट चढवणारी विकरं या प्राण्याच्या पेशीतच असणार, कारण प्राणी ते रोज करतो. ती ओळखली की जिवाणूंकडून करून घेता येतील. आणि सल्फेट म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नाही, समुद्राच्या दर लिटर पाण्यात ते अडीच ग्रॅमहून जास्त असतं. जमिनीवरच्या वनस्पतींत अशा सल्फेटयुक्त साखळ्या सहसा आढळत नाहीत, समुद्रात त्या शेवाळापासून समुद्रकाकडीपर्यंत सगळीकडे आहेत. तिथं वाचायला अजून पुष्कळ बाकी आहे. तुमच्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये समुद्र आधीच आलाय, डॉक्टर. हेपॅरिनचा उतारा म्हणून तुम्ही प्रोटामिन देता, ते साल्मन माशाच्या वीर्यातून काढतात.

डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न, परवडण्याचा, मला अर्धाच सुटलेला वाटतो. पण तो औषध झाल्यावरचा प्रश्न आहे, आणि रचना न वाचता औषध होणारच नाही. कातडीची भुकटी विकून रुग्णाला काही मिळत नाही, कारण तिच्यात कोणती साखळी किती आहे हे विकणाऱ्यालाच माहीत नसते. प्राणी उपसून देशाला काही मिळत नाही, कारण ज्या गुणासाठी उपसायचा तो नऊ साखरांत मावतो. आपल्या विद्यापीठांतल्या रसायनशास्त्र विभागांनी, गोव्याच्या दोना पावल्याला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी चालणाऱ्या कामाशी जोडून घेत, परवानगीच्या मोजक्या नमुन्यांवर ही साखळी जातीगणिक वाचावी. एखाद्या अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी हाच विषय घेतला, तर समुद्र लांब असल्याने काही बिघडत नाही. त्याला लागतो तो एनएमआर आणि काही ग्रॅम नमुना.

रुग्णांसाठी तेवढे एक सांगतो. हेपॅरिन तोंडावाटे काम करत नाही म्हणून समुद्रकाकडीची भुकटीही पोटात निरुपद्रवी ठरेल, असे गृहीत धरू नका. मोराओंच्या गटाने २००६ मध्ये उंदरांना ही साखळी तोंडावाटे दिली, तेव्हाही गुठळीवर परिणाम दिसला होता. वॉरफरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रिव्हारोक्साबान यांपैकी काही चालू असेल, तर अशी कॅप्सूल सुरू करण्याआधी बाटलीसकट डॉक्टरांकडे जा. बाटलीवर प्रजातीचे नाव नसेल तर ती घेऊच नका. आणि माल भारतीय समुद्रातला आहे असे कुणी अभिमानाने सांगत असेल, तर तो वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. वन विभागाला कळवा.